शिरेच्या वाटेने : प्रस्तावना

जन्मतः सदोष असलेले बालकाचे हृदय छातीचा पिंजरा न उघडता, जांघेतील शिरेत सुईने पाडलेल्या एका सूक्ष्म छिद्रातून आत नेलेल्या नळीच्या साहाय्याने दुरुस्त करता येते, ही गोष्ट प्रथमच ऐकणाऱ्याला आजही अद्भुत वाटते. परंतु माण, खटाव, जत किंवा आटपाडी यांसारख्या तालुक्यातील एखाद्या वाडीवर जन्मलेल्या मुलाच्या दृष्टीने खरा प्रश्न या अद्भुततेचा नसून, ती नळी जेथे आहे तेथवर ते मूल मुदतीत पोचेल की नाही, हा आहे. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील पालक, अंगणवाडी सेविका, आशाताई, प्राथमिक शिक्षक आणि नव्याने व्यवसायात पडलेले वैद्य यांच्या हाती देण्यासाठी सिद्ध झालेल्या या पुस्तकाची प्रस्तावना लिहिताना ‘मुदत’ हा शब्द मी जाणूनबुजून आरंभीच योजला आहे, कारण या रोगाची सारी कहाणी मुदतीभोवती फिरते, आणि ही मुदत कोणत्याही कचेरीने घालून दिलेली नसल्यामुळे ती कोणाच्या अर्जाने वाढवूनही मिळत नाही.

हृदयाचे जन्मजात दोष दुर्मीळ आहेत अशी जी समजूत सर्वसाधारणपणे आढळते ती यथार्थ नाही. जगात कोठेही पाहिले तरी दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे आठ बालकांच्या हृदयात काही ना काही दोष असतो, आणि आपल्या देशात अशी दोन लाखांहून अधिक बालके दरवर्षी जन्माला येतात असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. त्यांतील साधारण एक पंचमांश बालकांचा दोष इतका गंभीर असतो की, पहिल्या वर्षाच्या आतच काही उपाय करणे अगत्याचे ठरते. हे दोष समजण्यासाठी गर्भातील रक्ताभिसरणाची थोडी ओळख करून घेणे आवश्यक आहे. गर्भाला प्राणवायू मातेच्या वारेतून मिळत असल्याने त्याच्या फुप्फुसांना काम नसते, आणि म्हणून फुप्फुसांकडे जाणारे रक्त परस्पर वळवून देण्यासाठी निसर्गाने दोन वाटा ठेवलेल्या असतात : एक हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्यात असलेली झडपेसारखी फट आणि दुसरी फुप्फुसाच्या रोहिणीला महारोहिणीशी जोडणारी आखूड नलिका. बालकाने पहिला टाहो फोडला, फुप्फुसे फुलली, की या दोन्ही वाटांचे प्रयोजन संपते आणि त्या आपोआप मिटतात. नलिका तर बहुधा दोन-तीन दिवसांतच आकसून जाते. ती मिटली नाही, किंवा कप्प्यांमधील पडदाच कोठे अपुरा घडला, किंवा एखादी झडप जन्मतःच आवळलेली राहिली, म्हणजे ज्याला आपल्याकडे सरसकट ‘हृदयाला भोक आहे’ असे म्हणतात ती अवस्था उत्पन्न होते. वस्तुतः या एका वाक्प्रयोगाखाली परस्परांहून अत्यंत भिन्न असे अनेक विकार दडलेले आहेत, आणि पालकांनी आपल्या मुलाच्या दोषाचे नेमके नाव कागदावर लिहून घ्यावे असा जो आग्रह या पुस्तकात वारंवार आढळेल त्याचे कारण हेच आहे.

हृदयाच्या डाव्या बाजूचा दाब उजव्या बाजूपेक्षा पुष्कळ अधिक असतो. त्यामुळे दोहोंमधील पडद्याला छिद्र असल्यास, उंचावरच्या वाफ्याचा बांध फुटून पाटाचे पाणी खालच्या, आधीच भिजलेल्या वाफ्यात शिरावे त्याप्रमाणे, एकदा शुद्ध होऊन आलेले रक्त पुनः उजवीकडे आणि तेथून पुनः फुप्फुसांत जात राहते. फुप्फुसे ओथंबून जातात, हृदयाला तेच काम दोनदा करावे लागते, आणि बालकाची जी शक्ती वाढण्यात खर्च व्हावयाची ती श्वास घेण्यातच संपून जाते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे : जन्मानंतरचे पहिले काही आठवडे फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांचा विरोध बराच असल्यामुळे मोठ्या छिद्रातूनही फारसे रक्त वाहत नाही, आवाज उमटत नाही, बाळ सुखरूप दिसते आणि प्रसूतिगृहातून ‘सर्व काही ठीक’ असा निर्वाळा घेऊन घरी जाते, मग सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास ते दूध ओढता ओढता थांबू लागते, थांबून पुनः ओढते, कपाळावर व टाळूवर घामाचे थेंब उभे राहतात, श्वास घेताना फासळ्यांखाली खळगी पडते, सर्दी-खोकला मिटत नाही, आणि शेजारीपाजारी ‘बाळ बाळसं धरत नाही’ असे बोलू लागतात. प्रसूतीच्या वेळी वैद्याने कसूर केली असा निष्कर्ष अशा प्रसंगी घाईने काढला जातो. पण बहुतेक वेळा त्या दिवशी ऐकण्यासारखे काही तेथे नव्हतेच. म्हणूनच दीड महिन्याच्या लसीकरणाच्या दिवशी बाळाचे अंग उघडे करून त्याचा श्वास मोजणे आणि छातीला नळी लावून ऐकणे याला मी जन्मवेळच्या तपासणीइतकेच महत्त्व देतो, आणि ते काम कोणत्याही उपकेंद्रात पाच मिनिटांत होण्यासारखे आहे.

आता मुदतीविषयी. फुप्फुसांतील सूक्ष्म रोहिण्या हा वाढलेला प्रवाह व दाब काही काळ सोसतात, नंतर त्यांच्या भित्ती जाड होऊ लागतात, आणि एक वेळ अशी येते की फुप्फुसांतील दाब शरीरातील दाबाच्या बरोबरीला किंवा त्याच्याही वर जातो. मग छिद्रातील प्रवाहाची दिशा उलटते, अशुद्ध रक्त शरीरात मिसळू लागते आणि इतके दिवस केवळ अशक्त असलेले मूल निळे पडू लागते. १८९७ साली व्हिएन्ना येथील व्हिक्टर आयझेनमेंगर या वैद्याने या अवस्थेचे वर्णन केले आणि तिला त्याचेच नाव लाभले आहे. या टप्प्यावर छिद्र बंद करणे हा उपाय राहत नाही. किंबहुना ते बंद केल्यास दाबाखाली दबलेल्या उजव्या कप्प्याची एकुलती सुटकेची वाट बंद होते आणि रोगी दगावतो. तरुणपणी निळ्या ओठांनी आणि फुगीर नखांनी मोठ्या रुग्णालयाच्या दारात उभे राहणारे, व ‘आता काही करता येणार नाही’ हे शब्द ऐकून परतणारे जे रुग्ण आपण पाहतो, त्यांतील अनेकांचा दोष बालपणी दुरुस्त होण्यासारखा होता, हे सत्य ज्याला एकदा कळले त्याला या विषयाकडे उदासीनपणे पाहणे शक्यच नाही. खालच्या कप्प्यांमधील मोठे छिद्र किंवा मोठी उघडी नलिका असेल तर मुदत महिन्यांची असते, व पहिल्या वर्षाच्या आत निर्णय व्हावा लागतो. वरच्या कप्प्यांमधील छिद्राला निसर्ग अधिक सवलत देतो, ते मूल बहुधा खेळते-बागडते असते आणि शाळेत जाण्याच्या वयापर्यंत वा त्याच्या सुमारास दुरुस्ती केली तरी चालते. परंतु महारोहिणी व फुप्फुसाची रोहिणी यांची अदलाबदल झालेली असेल तर मुदत तासांची व दिवसांची असते.

या अखेरच्या विकारावरील उपायातूनच नळीच्या साहाय्याने होणाऱ्या बालहृदयोपचाराचा मोठा उदय झाला. त्याआधीचा इतिहास पाहावयाचा तर १९२९ सालापासून आरंभ करावा लागेल. त्या वर्षी जर्मनीतील एबर्सवाल्डे या गावच्या रुग्णालयात काम करणारा वेर्नर फोर्समान हा पंचवीस वर्षांचा वैद्य स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून एक लवचीक नळी हृदयापर्यंत सरकवून, ती तशीच ठेवून पायऱ्या उतरून क्ष-किरण विभागात चालत गेला आणि ती हृदयात पोचल्याचे चित्र त्याने घेतले. या साहसाबद्दल त्याच्या वाट्याला प्रथम उपेक्षाच आली. कूर्नांद व रिचर्ड्स या अमेरिकेतील दोघा संशोधकांनी पुढे या वाटेवर पद्धतशीर काम केले, तेव्हा १९५६ साली त्या दोघांसमवेत फोर्समानला नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान १९३८ साली बॉस्टन येथे रॉबर्ट ग्रॉस यांनी एका लहान मुलीची उघडी राहिलेली नलिका छाती उघडून यशस्वीपणे बांधली होती, आणि जन्मजात हृद्दोष हा केवळ निदान करून हळहळण्याचा विषय नाही हे जगाला प्रथम दिसले होते. पण नळी ही तोवर केवळ पाहण्याचे व मोजण्याचे साधन होती. तिने दुरुस्तीही करता येईल ही कल्पना प्रत्यक्षात आणली ती १९६६ साली फिलाडेल्फियाच्या विल्यम रॅशकिंड यांनी. रोहिण्यांची अदलाबदल झालेल्या नवजात बालकात शुद्ध व अशुद्ध रक्त मिसळण्याची सोय नसेल तर ते जगत नाही; रॅशकिंड यांनी टोकाला फुगा असलेली नळी वरच्या पडद्यातील फटीतून पलीकडे नेली, फुगा फुगवला आणि एका झटक्यात मागे ओढून ती फट मोठी केली. म्हणजे नळीच्या या पहिल्या मोठ्या पराक्रमात छिद्र बुजवले गेले नाही, ते पाडले गेले, आणि त्या छिद्राच्या बळावर बालक शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत जिवंत राहू लागले. हा उपाय आजही, अतिदक्षता कक्षातील खाटेवरच, केला जातो.

पुढचा प्रवास मी थोडक्यात सांगतो. १९६७ साली पूर्व बर्लिनच्या पोर्स्टमान यांनी उघडी नलिका स्पंजासारख्या पदार्थाच्या गुडदीने बंद केली. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास किंग व मिल्स यांनी न्यू ऑर्लीन्स येथे वरच्या पडद्यातील छिद्र नळीतून नेलेल्या दुहेरी छत्रीने बुजवले. १९८२ साली बाल्टिमोरच्या जीन कॅन यांनी आवळलेली फुप्फुस-झडप फुग्याने उघडण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. परंतु या उपायांतील पहिली साधने बोजड होती, त्यांच्यासाठी लागणारी नळी इतकी जाड असे की लहान मुलाच्या शिरेत ती शिरणे कठीण. ही अडचण दूर केली ती कुर्त अँप्लाट्झ या ऑस्ट्रियात जन्मलेल्या आणि मिनेसोटात काम केलेल्या क्ष-किरणतज्ज्ञाने. निकेल आणि टायटेनियम यांच्या नायटिनॉल नावाच्या मिश्रधातूला घडवताना दिलेला आकार स्मरणात राहतो. ताणून बारीक नळीत कोंबला तरी बाहेर येताच तो मूळ रूप घेतो. या धातूच्या केसासारख्या तारांची विणलेली, मध्ये अरुंद कंबर असलेली व दोन्ही बाजूंना तबकड्या असलेली जी कळ अँप्लाट्झ यांनी सिद्ध केली, तिचा मानवी उपयोग १९९५ साली सुरू झाला, आणि आज जगभर जी उपकरणे वापरली जातात त्यांतील बहुसंख्य तिचीच वंशज आहेत. आपल्याकडे लोक तिला ‘छत्री’ किंवा ‘बटण’ म्हणतात आणि या उपचाराला ‘बिनटाक्याचे ऑपरेशन’.

या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा केवळ घेणाऱ्याचा नाही, हे मला अभिमानाने नमूद करावेसे वाटते. वरच्या पडद्यातील छिद्र फार मोठे असेल तर डावीकडची तबकडी पडद्याला समांतर न राहता तिरकी होऊन छिद्रातून उजवीकडे घसरते. मुंबईचे बालहृदयरोगतज्ज्ञ डॉ. भरत दळवी आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ साली, तबकडी स्थिर होईपर्यंत तिला फुगलेल्या फुग्याचा आधार देण्याची युक्ती प्रसिद्ध केली, आणि ज्या मुलांना पूर्वी शस्त्रक्रियेकडे पाठवावे लागे त्यांतील काहींना नळीचा मार्ग खुला झाला. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या साहाय्याने असे छिद्र बुजवण्याचे स्वदेशी उपकरण विकसित करून त्याचे तंत्र पुण्यातील एका उद्योगाकडे सोपवले आहे. परदेशी कळेची किंमत हा आजवर गरीब कुटुंबाच्या वाटेतला मोठा धोंडा होता. तो हलला तर त्याचे मोल शास्त्रीय कीर्तीहून कितीतरी अधिक आहे.

प्रत्यक्ष उपचार कसा होतो याचे सविस्तर वर्णन पुस्तकात आहेच. तरी पालकांच्या मनातील भीती अज्ञानातून येत असल्यामुळे मी येथे त्याची रूपरेषा देतो. मुलाला भूल दिली जाते. जांघेतील शिरेत सुई, सुईतून तार, तारेवरून नळी, अशा क्रमाने वैद्य पोटातील महाशिरेतून हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात आणि छिद्रातून डाव्या कप्प्यात पोचतात. एका पडद्यावर क्ष-किरणांचे चित्र व दुसऱ्यावर अन्ननलिकेतून किंवा छातीवरून घेतलेल्या टू-डी इकोचे चित्र सारखे दिसत असते. छिद्राचे माप घेऊन त्याला साजेशी कळ निवडली जाते, तारेच्या टोकाला ती घट्ट फिरवून बसवलेली असते. डाव्या कप्प्यात पहिली तबकडी उघडते, ती अलगद मागे ओढून पडद्याला टेकवतात, मग उजवीकडची तबकडी उघडते आणि पडदा दोहोंमध्ये धरला जातो. यानंतरचा क्षण सर्वांत मोलाचा : वैद्य तार मागे-पुढे ओढून कळ हलते का ते पाहतात, शेजारच्या झडपांना ती अडत नाही ना हे इकोवर तपासतात, आणि पूर्ण खात्री पटल्यावरच तार उलट फिरवून कळ सोडतात, तोवर ती केव्हाही परत नळीत ओढून घेता येते. बहुतेक मुले दोन-तीन दिवसांत घरी जातात. पुढे सहा महिने अ‍ॅस्पिरिनची छोटी मात्रा द्यावी लागते, कारण तेवढ्या अवधीत हृदयाचे स्वतःचे अस्तर कळेवर चढते आणि ती शरीराचाच भाग होऊन जाते.

तथापि हा उपाय सर्वांसाठी नाही, आणि हे सांगताना भीड बाळगणे म्हणजे अपराध करणे होय. कळेला धरावयास छिद्राभोवती पुरेशी कड हवी. पडद्याच्या अगदी वरच्या किंवा खालच्या टोकाच्या छिद्रांना ती नसते. खालच्या कप्प्यांमधील काही छिद्रे नळीने बंद होतात, परंतु त्यांच्या कडेनेच हृदयाच्या ठोक्यांचा विद्युत्प्रवाह वाहून नेणारे तंतू जात असल्याने तेथे अतिशय सावधगिरी लागते, आणि अनेकदा शस्त्रक्रियाच अधिक सुरक्षित ठरते. चार दोष एकत्र असलेला, ज्यात मूल धावता धावता एकाएकी उकिडवे बसते, तो निळेपणाचा विकार मूलतः शस्त्रक्रियेनेच बरा होतो. क्वचित कळ सुटून वाहत जाते, ती फासा टाकून नळीने किंवा छाती उघडून काढावी लागते. फारच क्वचित ती कालांतराने हृदयाच्या भित्तीला घासते. ‘बिनटाक्याचे होत असेल तरच करू, नाहीतर मोठे झाल्यावर पाहू’ असे म्हणून शस्त्रक्रियेची तारीख टाळणारे सुशिक्षित पालक मी पाहिले आहेत, आणि मला स्पष्ट सांगावेसे वाटते की, छातीवरचा व्रण हा आयुष्यभराच्या निळेपणापेक्षा अनंतपटींनी स्वीकारार्ह आहे. नळी आणि सुरी या एकाच कार्याच्या दोन साधनांतून निवड करण्याचा अधिकार दोषाच्या रूपाला आहे, आपल्या आवडीला नाही.

आता या दोन जिल्ह्यांविषयी. १९४९ पर्यंत यांचा बराचसा भाग एकाच सातारा जिल्ह्यात होता. मग उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याचे सांगली असे नामकरण झाले. वैद्यकाच्या बाबतीत हा मुलूख कधीच मागासलेला नव्हता. मिरजेत विल्यम वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या मिशन रुग्णालयाकडे दक्षिण महाराष्ट्रातून व कर्नाटकातून रुग्णांची रीघ लागे. १८९७ मध्ये तेथेच वैद्यकशिक्षणाचीही सोय झाली. १९६२ साली मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि पुढे कराडला कृष्णा रुग्णालय व महाविद्यालय उभे राहिले. आज कराड, सांगली, मिरज येथे प्रौढांच्या हृदयाच्या रोहिण्या उघडणाऱ्या कॅथलॅबही आहेत. परंतु पाच किलो वजनाच्या बालकाला नळी घालण्यासाठी यंत्र हा सर्वांत सोपा भाग असतो. बालहृदयरोगतज्ज्ञ, लहान मुलांना भूल देण्यात निष्णात वैद्य, बालकांचा अतिदक्षता कक्ष आणि काही विपरीत घडल्यास त्याच घटकेला छाती उघडू शकणारा शल्यविशारद, ही सर्व मंडळी एका छताखाली असावी लागतात, आणि ती मिळण्यासाठी आपल्या मुलांना बहुधा पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. साताऱ्याहून पुणे सुमारे एकशे दहा किलोमीटर, सांगलीहून त्याच्या दुपटीहून अधिक, आणि जतच्या पूर्वेकडील वस्तीवरून निघालेल्या मातेला आधी सांगलीच गाठावयास अर्धा दिवस लागतो. परळच्या केईएम व वाडिया रुग्णालयांच्या दाराशी, किंवा बालहृदयोपचार विनामूल्य करणाऱ्या खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी केंद्रात, पिशवीत चादर व भाकरी घेऊन बसलेल्या माणसांत कृष्णाकाठची बोली कानी पडली नाही असा दिवस विरळा.

ही वाट पूर्वीच्या मानाने सुगम झाली आहे, हे मान्य करणे न्यायाचे होईल. २०१३ च्या फेब्रुवारीत पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमान्वये जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणारी पथके गावोगाव फिरतात, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा. ज्या मुलाच्या हृदयाचा आवाज संशयास्पद वाटेल त्याला जिल्हा रुग्णालयाकडे पाठवले जाते, आणि साताऱ्यास क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या व सांगलीस वसंतदादा पाटील यांच्या नावाने असलेल्या रुग्णालयांकडे येणाऱ्या अशा मुलांची टू-डी इकोने छाननी होते. खर्चासाठी २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू होऊन २०१३ च्या नोव्हेंबरात उर्वरित राज्यात, म्हणजे आपल्याकडेही, आलेली जीवनदायी योजना आहे. २०१७ पासून तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव आहे, आणि ज्याच्या घराण्याचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण, त्या महापुरुषाच्या नावे त्याच तालुक्यातील कष्टकऱ्याच्या लेकराचे हृदय दुरुस्त व्हावे यात मला मोठे औचित्य दिसते. परंतु योजना कागदावर चालते. नवजात बालकाचे नाव शिधापत्रिकेवर चढलेले नसते, जन्मदाखल्यावर नावाचा रकाना कोरा असतो, आधारपत्रावरील आडनावात एक काना कमी असतो; अशा प्रत्येक त्रुटीपायी आठवडा, पंधरवडा जातो, आणि मुलाच्या फुप्फुसांतील रोहिण्या त्या पंधरवड्याची वाट पाहत थांबत नाहीत. रुग्णालयातील आरोग्यमित्र, गावचा ग्रामसेवक आणि तहसील कचेरीतील लिपिक यांना मी या पुस्तकाच्या वाचकवर्गात धरतो ते याकरिता.

ऊसतोडीच्या हंगामात तर ही साखळी मुळातच तुटते. दुष्काळी पट्ट्यातून कृष्णाकाठच्या कारखान्यांच्या फडावर आलेल्या कुटुंबाचे मूल गावच्या अंगणवाडीच्या पटावर असते आणि राहते पालात. पथक गावी जाते तेव्हा ते तेथे नसते, आणि फडावर पथक आले तर पटावर त्याचे नाव नसते. त्यातही ते मूल मुलगी असेल तर? वरच्या पडद्यातील छिद्र आणि उघडी नलिका हे दोन्ही दोष, म्हणजे नळीने सर्वांत सुलभपणे बरे होणारे दोष, मुलांपेक्षा मुलींत सुमारे दुप्पट आढळतात. आणि उपचारासाठी मोठ्या शहरात आणल्या जाणाऱ्या मुलांत मात्र मुलीच कमी असतात. घरातील वडील माणसे छातीवरील व्रणाचा व पुढच्या लग्नाचा धाक घालतात, आई गप्प राहते आणि वर्षे निघून जातात. शिरेच्या वाटेने होणारा उपाय व्रण ठेवत नाही, ही त्याची वैद्यकीय दृष्ट्या गौण बाजू आपल्या समाजात निर्णायक ठरू शकते. तिचा आधार घेऊन जर एका आजीचे मन वळत असेल तर आशाताईने तो खुशाल घ्यावा.

आईविषयी आणखी एक शब्द. मूल सदोष निघाले की ग्रहण पाळले नाही, विळीवर काही चिरले, कोणाची तरी नजर लागली, असा दोष तिच्या माथी मारण्याची चाल आपल्याकडे अद्याप गेलेली नाही. हृदयाची घडण गर्भधारणेनंतर तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात होऊन जाते. पाळी चुकल्याची खूणगाठ पटते न पटते तोच ते काम सुरू झालेले असते, आणि बहुसंख्य दोषांचे निश्चित कारण शास्त्रालाही सांगता येत नाही. जी कारणे ज्ञात आहेत त्यांतील एक म्हणजे गरोदरपणाच्या आरंभी होणारा रुबेला, ज्याचा बालकाच्या डोळ्यांशी व हृदयाशी असलेला संबंध ऑस्ट्रेलियातील नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली दाखवून दिला. त्याची लस आता मुलाबाळांना दिली जाते आणि ती चुकवू नये. मातेचा अनियंत्रित मधुमेह हे दुसरे. तिसरे कारण आपल्या भागात बोलायला अवघड आहे : मामाच्या मुलीशी विवाह करण्याची रूढी, जिचे विवेचन इरावती कर्वे यांनी आपल्या नातेसंबंधांवरील ग्रंथात १९५३ सालीच केले, ती दक्षिण महाराष्ट्रात आजही जिवंत आहे, आणि रक्ताच्या नात्यातील विवाहांत असे दोष काहीसे अधिक आढळतात. नाते जोडणाऱ्या दोन घरांनी हे जाणून निर्णय करावा. त्याचे खापर सुनेवर फोडण्याचा अधिकार कोणाला नाही.

पुस्तकाचा अखेरचा भाग उपचारानंतरच्या आयुष्याविषयी आहे, आणि तो मला विशेष आवडला. छिद्र पूर्ण बंद झालेल्या मुलाला शाळेत खेळाच्या तासाला कोपऱ्यात बसवून ठेवण्याचे कारण उरत नाही. वैद्याने ठरवलेला अवधी संपल्यावर शिक्षकांनी त्याला मैदानावर जाऊ द्यावे, लेझीम व कबड्डीही खेळू द्यावी. कळ बसवल्यानंतरचे सहा महिने दाताचे काही काम निघाल्यास दंतवैद्याला आधी कल्पना द्यावी, कारण किडक्या दातातील जंतू रक्तातून नव्या कळेवर घर करू शकतात. इकोचे सर्व अहवाल, कळेचे माप व क्रमांक लिहिलेले कार्ड आणि निरोपपत्र एकाच पाकिटात जपून ठेवावे, आणि मुलगी सासरी जाताना ते तिच्याबरोबर द्यावे. वेळेत दुरुस्ती झालेल्या व फुप्फुसांचा दाब प्राकृत असलेल्या मुलीला गर्भारपण बहुधा निर्वेध पार पडते, आणि तसा लेखी दाखला हृदयरोगतज्ज्ञाकडून मागून घेण्यात संकोच बाळगू नये. तिच्या बाळात हृद्दोष असण्याची शक्यता इतरांहून किंचित अधिक असल्यामुळे, अठरा ते बावीस आठवड्यांच्या दरम्यान गर्भाच्या हृदयाची खास सोनोग्राफी करून घ्यावी; दोष दिसलाच तर प्रसूती गावी करावयाची की पुण्या-मुंबईस, याचा निर्णय चार महिने आधी, शांतपणे आणि सर्व कागदपत्रांच्या तजविजीसह करता येतो.